पोर्तुगाल? पुन्हा?

एकच नाटक दोनदा पाहिलं तर माणूस रसिक ठरतो. एकाच देवाला दरवर्षी गेला तर भाविक ठरतो. पण एकाच परदेशात दोनदा गेला, तर लोक त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारतात, "वहिनी, सगळं ठीक आहे ना?"

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये बातमी ऐकली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले, "पण पोर्तुगाल तुमचं झालं होतं ना?" गोवर होऊन गेल्यासारखं. एकदा झाला की आयुष्यभर चिंता नाही! मेहुण्यांनी अधिक व्यवहारी शंका काढली. तेवढ्या पैशांत क्रोएशिया होतं, ग्रीस होतं, शिवाय भिंतीवरच्या नकाशात आणखी एक टाचणी बसली असती. त्यांच्याकडे खरंच असा नकाशा आहे. पोर्तुगालवर दुसरी टाचणी टोचायला त्यात जागा नाही.

पहिल्या खेपेला आम्ही पोर्तुगालला गेलो नव्हतो, स्पेनला गेलो होतो. स्पेनच्या शेपटाला पोर्तुगाल बांधून मिळाला होता. ती रीतसर मराठी सहल होती. सकाळी पोहे, संध्याकाळी वरणभात, मध्ये युरोप. बस थांबली की उतरायचं, मॅनेजरच्या छत्रीमागे धावायचं, मागे काय आहे ते न बघता त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायचा आणि मोजणीला परत यायचं. बेलेंचा बुरूज आमच्या फोटोत सहलीतल्या एका काकूंच्या टोपीवर उगवलेला आहे.

काबो द रोका मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं हे सगळ्यात पश्चिमेकडचं टोक. समोर अटलांटिक, खाली शंभराहून अधिक मीटरचा कडा आणि वारा असा, की माणसाने पदरचे पैसे खर्चून अमेरिकेला जाण्याची गरज नाही. तिथे तुम्ही येऊन गेल्याचं प्रमाणपत्र मिळतं. विकत मिळतं. नाव घालून, मोहोर उमटवून. ही बातमी बसमध्ये पसरली आणि कड्याकडे पाठ करून चाळीस मराठी माणसं ओळीत उभी राहिली. समुद्र कुठे पळून जातोय? आमच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी नावाचं स्पेलिंग दोनदा तपासून घेतलं, आणि खाली सही कोणाच्या अधिकारात आहे तेही विचारलं.

त्याच सहलीत नाझारे लागलं होतं, आणि दुसऱ्या खेपेचं मूळ तिथेच आहे. नाझारे हे जगातल्या सगळ्यात मोठ्या लाटांचं गाव. दुकानादुकानांत त्या लाटेची चित्रं: दीपगृहाच्या मागे उभी राहिलेली पाण्याची भिंत आणि तिच्यावर मुंगीएवढा माणूस. आम्ही गेलो तेव्हा मे महिना होता. समुद्र सपाट पडला होता. पोरं गुडघाभर पाण्यात चेंडू खेळत होती. मॅनेजर म्हणाला, लाटा हिवाळ्यात येतात, साधारण ऑक्टोबर ते मार्च. आमची ही चित्राकडे आणि समुद्राकडे आळीपाळीने बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आंबे बघायला यांनी आपल्याला दिवाळीत आणलं." ती मालवणची. समुद्राच्या बाबतीत तिला कोणी फसवलेलं चालत नाही. बसमध्ये बसता बसता तिने जाहीर केलं, "अहो, आपण नोव्हेंबरात परत यायचं."

तर हे नोव्हेंबरात येणं. व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीने पासपोर्टवरचा जुना शिक्का पाहिला आणि आमच्याकडे पाहिलं. जाण्याचं कारण 'पर्यटन' असं लिहिलं होतं. तिला ते पटलं नसावं, पण तिने अर्ज घेतला.

दुसऱ्या खेपेचं सुख असं, की बघण्याचं कर्ज फिटलेलं असतं. बुरूज पाहिला, मठ पाहिला, पूल पाहिला, आता कोणी विचारणार नाही. माणूस सकाळी उठून हॉटेलच्या दारात उभा राहतो आणि डावीकडे जायचं की उजवीकडे, हे त्याला खरोखर माहीत नसतं. लिस्बनमध्ये मात्र या स्वातंत्र्याला मर्यादा आहे. डावीकडे चढ असतो आणि उजवीकडे उतार.

आणि पायाखाली ती फरसबंदी. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे छोटे छोटे चौकोनी तुकडे हाताने बसवून केलेल्या नक्षीच्या पदपथांनी हे शहर मढवलेलं आहे. लाटा, फुलं, जहाजं, काय म्हणाल ते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बुटांनी घासून हे दगड इतके गुळगुळीत झालेत की उन्हात चकाकतात, आणि नोव्हेंबरच्या पावसात त्यांच्यावरून चालणं हा शारीरिक शिक्षणाचा विषय होतो. मी देशावरचा. कोरड्या जमिनीवर वाढलेला. भिंती धरत, दुकानांच्या दारांना नमस्कार करत उतरत होतो. ही शेवाळलेल्या पाखाडीवर लहानाची मोठी झालेली, पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबून वाट बघत होती. माझ्या शेजारून टाचांचे बूट घातलेल्या सत्तरीच्या आजीबाई हातात भाजीची पिशवी घेऊन खटखट उतरून गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

सपाट आणि सरळ रस्ते जुन्या लिस्बनमध्ये एकाच भागात आहेत, तो बाइशा. त्याचं कारण भीषण आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऑल सेंट्‌सच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. सणाच्या मेणबत्त्या पेटलेल्या होत्या, त्यांनी आगी लागल्या. मोकळी जागा म्हणून माणसं नदीकाठी धावली, तर तिथे त्सुनामी आली. नंतर मार्केस द पोंबाल या मंत्र्याने शहर नव्याने आखलं. पट्टीने मारावेत तसे रस्ते, आणि भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, म्हणजे पुढच्या भूकंपात इमारत हलेल पण पडणार नाही. हा पिंजरा तपासायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं होतं, असं सांगतात. त्यामुळे लिस्बनमध्ये सरळ रस्ता दिसला की समजायचं, इथे फार मोठं संकट येऊन गेलंय. वाकडे, चढाचे, वळणाचे रस्ते दिसले की समजायचं, इथलं सगळं वाचलं. अल्फामा हा जुना भाग असाच बराचसा वाचला, आणि त्याची शिक्षा आमचे गुडघे आजही भोगतात.

मठात आम्ही पुन्हा जाणार नव्हतो. पण पाऊस आला आणि समोर जेरोनिमोसचा मठ होता. मराठी माणसाला पावसात उभं राहण्यापेक्षा तिकीट काढणं महाग वाटतं, तरी काढलं. आत वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ साली कोचीला वारला, तिथेच पुरला गेला आणि नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले. या मठाच्या बांधकामाला आशिया-आफ्रिकेच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के कराचा पैसा लागला, म्हणजे मसाल्याचा. ओवऱ्यांतले ते दोरखंडांसारखे कोरलेले खांब पाहताना ही म्हणाली, "आपल्याच मिऱ्यांवर बांधलंय, आणि वर आपल्याकडूनच तिकीट?" मी तिला वसईची आठवण करून दिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात ती टोलेजंग घंटा अजून आहे. "घंटा आणि मठ सारखे कसे?" असं तिने विचारलं. हिशेब जुळत नाही हे खरं, पण जमेच्या बाजूला काहीच नाही असंही नाही.

हिशेबावरून मुंबई आठवते. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजघराण्याने कॅथरिन या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई देऊन टाकली. त्याने ती १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने लावली. ही गोष्ट मी आमच्या घरमालकिणीला सांगितली. लिस्बनमध्ये आम्ही एका बाईंच्या घरातल्या खोलीत उतरलो होतो. पर्यटकांमुळे शहरातली भाडी इतकी वाढलीत की आपल्या मुलाला याच गल्लीत घर परवडत नाही, असं त्या सांगत होत्या, आणि आम्ही पर्यटक मान खाली घालून ऐकत होतो. १० पौंडांचं ऐकून त्या जोरात हसल्या. मग आज मुंबईत भाडं किती, म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर थोडा वेळ गप्प झाल्या आणि म्हणाल्या, राजाने घाई केली.

आता जेवण. पोर्तुगीज खाणावळीत बसलं की न मागता टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज असं काही येऊन बसतं. वेटर ते इतक्या प्रेमाने ठेवतो की वाटतं, ही घरची रीत. पहिल्या सहलीत एका दुपारी आमच्या बँक अधिकाऱ्यांनी "काय आतिथ्य आहे बघा!" म्हणत दोन टेबलांवरचे ऑलिव्ह संपवले आणि तिसऱ्या टेबलावरचं चीज रुमालात बांधलं. मग बिल आलं. या प्रकाराला 'कूव्हेर' म्हणतात. खाल्लं तर पैसे पडतात, हात लावला नाही तर पडत नाहीत. बँक अधिकाऱ्यांनी ही माहिती उभ्याने ऐकली.

आता आम्हाला नियम ठाऊक होता. नियम ठाऊक असणं ही किती मोठी यातना आहे, हे त्या जेवणांत कळलं. भूक लागलेली. स्वयंपाकघरातून काही येण्याची चिन्हं नाहीत. पोर्तुगालमध्ये ती लवकर दिसतच नाहीत. समोर ऊन ऊन पाव. त्याला हात लावायचा नाही. मी तपश्चर्येला बसलो, मनात आकडेमोड करत राहिलो. शेजारच्या टेबलावरचं पोर्तुगीज जोडपं बोलता बोलता पाव मोडत होतं, तेलात बुडवत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब नव्हता. वेटर दर पाच मिनिटांनी येऊन आमच्या न मोडलेल्या पावाकडे बघायचा. शेवटी त्याने काळजीने विचारलं की पावात काही दोष आहे का. आता एका प्रामाणिक माणसाला दुःख द्यायचं की दोन-तीन युरो द्यायचे? ही म्हणाली, "खा आता, त्याचा जीव तुटतोय." पाव अप्रतिम होता. गार झाला होता.

मी शाकाहारी आहे. पोर्तुगालमध्ये हे वाक्य सहानुभूतीने ऐकलं जातं. कोबीच्या पानांचं आणि बटाट्याचं 'काल्दू व्हेर्द' नावाचं हिरवं सूप मिळतं, ते माझ्यासाठीच केलं असावं असं वाटतं. मग मध्यभागी सॉसेजची एक चकती तरंगत येते. ती काढायला सांगितली की वेटर चमच्याने काढतो, बशीत ठेवतो, आणि झालं शाकाहारी. अंड्याच्या बाबतीत मी पूर्वीच उदार झालो होतो, त्यामुळे पाश्तेल द नातावर जगलो. जळके ठिपके पडलेली, वर दालचिनी भुरभुरलेली अंड्याच्या पिवळ्या बलकाची ही वाटी. बेलेंच्या त्या प्रसिद्ध दुकानात ती १८३७ पासून होते आणि कृती गुप्त आहे. मठांतल्या जोगिणी कपड्यांना खळ करायला अंड्याचं पांढरं वापरायच्या, उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं म्हणून ही सगळी मिठाई जन्मली, असं म्हणतात. कपडे कडक इस्त्रीचे ठेवण्याच्या हट्टातून असा देशाचा मधुमेह घडला.

हिचं मात्र राज्य होतं. रुआ दो आर्सेनाल या रस्त्यावर आम्ही वळायच्या आधीच ती थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "सुकी मासळी." कोपऱ्यापलीकडे खरोखरच बाकल्याउची दुकानं होती. दरवाजाएवढे खारवलेले, वाळवलेले कॉड मासे फळ्यांसारखे उभे रचलेले. पोर्तुगालचा हा राष्ट्रीय मासा. वर्षाच्या दर दिवसाला एक अशा त्याच्या कृती आहेत म्हणतात. गंमत अशी की तो पोर्तुगालच्या समुद्रात सापडतच नाही. थंड पाण्याचा मासा. पूर्वी पोर्तुगीज त्याच्यामागे पार न्यूफाउंडलंडपर्यंत जायचे, आता तो बराचसा नॉर्वेहून येतो. दारात ताज्या सार्डिन चांदीसारख्या चमकत असताना हजारो मैलांवरचा वाळका मासा मागवून त्याला राष्ट्राचा दर्जा द्यायचा, यात मला फार ओळखीचं काहीतरी वाटलं. ही दुकानात अर्धा तास होती. मालक मासा वाकवून दाखवत होता, ही वास घेत होती. दोघांचं एकमताने काहीतरी ठरलं. काय ते मला सांगितलं नाही.

अकरा नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस असतो. त्या सुमाराला थंडीत काही दिवस ऊन पडतं, त्याला इथे 'सेंट मार्टिनचा उन्हाळा' म्हणतात. रस्त्यावर चेस्टनट भाजणारे गाडे धूर सोडत उभे असतात. आम्ही कागदाच्या पुडीतले चेस्टनट सोलत एका छपराखाली उभे होतो. पाऊस मुसळधार होता. गाडीवाल्याने आकाशाकडे हात करून आनंदाने सांगितलं, "सेंट मार्टिनचा उन्हाळा!" त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. श्रद्धा असावी तर अशी.

मग कोइंब्रा. तिथल्या विद्यापीठाची स्थापना १२९० ची. विद्यार्थी अजून काळे झगे घालतात, आणि ओल्या चढावर ते झगे सावरत वर्गाला धावतात. पण आम्ही गेलो ते वटवाघळांसाठी. जोआनिना ग्रंथालय अठराव्या शतकातलं. सोन्याचा मुलामा दिलेली कपाटं, छताला टेकलेल्या शिड्या. पुस्तकांना किडा लागू नये म्हणून तिथे वटवाघळं नांदतात. दिवसा दिसत नाहीत. रात्री बाहेर येऊन किडे खातात. त्यांनी टेबलांवर काही सोडून जाऊ नये म्हणून कर्मचारी रोज संध्याकाळी टेबलांवर चामडं पसरतात आणि सकाळी साफसफाई करतात. ही व्यवस्था शतकानुशतकं चालू आहे. फवारणीचं टेंडर नाही, वार्षिक कंत्राट नाही. वटवाघळांना पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, मागणीपत्र नाही. ग्रंथालयाच्या तळघरात पूर्वी विद्यार्थ्यांचा तुरुंग होता, तोही दाखवतात. पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल कोणी तिथे गेला होता का, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

पोर्तोबद्दल थोडक्यात. 'लेल्लो' नावाचं १९०६ सालचं एक देखणं पुस्तकांचं दुकान आहे. हॅरी पॉटरचं जग तिथल्या जिन्यावरून सुचलं अशी आवई उठली आणि जिन्यावर फोटो काढायला जग लोटलं. लेखिकेने नंतर सांगितलं की आपण त्या दुकानात कधी पाऊलही टाकलेलं नाही. गर्दीवर परिणाम शून्य. दुकानदाराने तर त्याआधीच आत शिरायलाही तिकीट लावलं होतं. पुस्तक घेतलं तर तिकिटाचे पैसे किमतीतून वजा होतात. वाचक घडवण्याची इतकी सरळ योजना आपल्या कुठल्याही साहित्य संस्थेला सुचलेली नाही. बाहेरची रांग बघून आम्ही नदीवर गेलो.

आणि शेवटी नाझारे. समुद्राच्या तळाशी तिथे एक प्रचंड दरी आहे, दोनशे किलोमीटरहून लांब, काही ठिकाणी पाच किलोमीटर खोल, आणि तिचं तोंड थेट किनाऱ्याला येऊन भिडतं. खोल पाण्यातून येणारी लाट वेगाने धावते, उथळावरची मागे रेंगाळते, दोघी किनाऱ्याजवळ भेटतात आणि एकमेकींच्या खांद्यावर चढतात. २०२० साली एका जर्मन सर्फरने २६.२१ मीटरच्या लाटेवर स्वारी केली, तो जागतिक विक्रम ठरला. आमची सोसायटी सात मजली आहे. म्हणजे लाट गच्चीवर येऊन, पाण्याची टाकी ओलांडून, सेक्रेटरींनी परवानगीशिवाय लावलेल्या डिश अँटेनाच्याही वरून गेली असती. ही उंची फोटोवरून मोजतात. लाटेवरच्या माणसाच्या मापाने लाट मोजायची. हिने लगेच विचारलं, "माणूस बुटका असला तर?" दीपगृह ज्या किल्ल्यावर आहे, त्यातल्या छोट्या संग्रहालयाच्या दारातला माणूस विचारात पडला.

आम्ही दीपगृहाच्या कट्ट्यावर उभे होतो. त्या दिवशीच्या लाटा विक्रमी नव्हत्या, तरी प्रत्येक लाट फुटली की पायाखालचा कडा थरथरायचा आणि गर्दीतून एकच आवाज निघायचा. जेट स्कीच्या मागे दोरीला धरून सर्फर जात होते, लाटेच्या उतारावर सुटत होते, फेसात नाहीसे होत होते आणि पुन्हा दिसत होते. मी भान हरपून बघत होतो. शेजारी बघितलं तर ही नव्हती.

ती खाली किनाऱ्यावर होती. १८८९ पासून चालणाऱ्या दोरगाडीने उतरून एकटी गेली होती. तिथे जाळीच्या चौकटींवर मधोमध चिरलेले मासे वाळत घातले होते आणि मागे कोळणी बसल्या होत्या. नाझारेच्या बायकांचा जुना वेष एकावर एक सात परकरांचा. ही समोर उकिडवी बसून एक मासा उलटासुलटा करत होती. कोळणीने बोटांनी भाव सांगितला. हिने एक बोट खाली वाकवलं. कोळणीने छातीवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं. हिने मासा परत ठेवून उठल्यासारखं केलं. कोळणीने तिच्या मनगटाला धरून पुन्हा बसवलं. भाषेची गरज कोणालाच पडली नाही.

मी धापा टाकत पोचलो आणि इंग्रजीत विचारलं, "किती?" दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मग कोळणीने शेजारणीला काहीतरी सांगितलं, शेजारीण हसली, हिने मराठीत काहीतरी उत्तर दिलं आणि तिघी मिळून खदखदून हसल्या. काय बोलणं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. विषय मी होतो, एवढं नक्की. मासळीचे पैसे मीच दिले, पहिल्या भावाने.